लक्झरी ईव्हीचा ब्रँड बदलताय? आधी जुनी गाडी नीट सोडवा

गाडी विकून तीन आठवडे झाले होते, रविवारी सकाळी मी मिसळ खायला बसलो होतो आणि फोनवर मेसेज आला, "तुमची गाडी लॉक केलेली नाही". दचकून बाहेर बघितलं तर नवी गाडी समोरच उभी, लॉक. मग डोक्यात प्रकाश पडला, मेसेज जुन्या गाडीच्या ॲपवरून आला होता. उघडून बघतो तर आमची जुनी गाडी संगमनेरला एका मंगल कार्यालयाबाहेर उभी, ७१ टक्के चार्ज, आणि मी इथे नाशकात बसल्या बसल्या तिचा एसी चालू करू शकत होतो. केला नाही, पण हात शिवशिवले हे खरं.

तर नवी गाडी निवडायला मला चार दिवस लागले आणि जुनीतून बाहेर पडायला दोन महिने, कारण सगळं उलट्या क्रमाने केलं. आधी बुकिंग, मग घरच्या चार्जरचा विचार, मग विक्री, आणि ॲप तर विसरूनच गेलो. म्हणून हे लिहितोय. कुठल्या ब्रँडमधून कुठल्यात गेलो ते मुद्दाम सांगत नाही, सांगितलं की बाकी सगळं राहतं बाजूला आणि मर्सिडीज चांगली की बीएमडब्ल्यू यावरच वाद सुरू होतो.

बदलायचं कशासाठी, ते आधी ठरवा

हे दोन मिनिटांचं काम आहे पण करा. स्क्रीन हँग होते म्हणून वैतागला असाल तर आधी सॉफ्टवेअर अपडेट मारून बघा, सत्तर लाखांचा खर्च वाचेल. रेंज कमी पडते म्हणत असाल तर मागच्या वर्षात खरोखर किती वेळा कमी पडली ते मोजा, माझी दोनदा पडली होती, आणि दोन्ही वेळा चूक माझीच, रात्री प्लग लावायचा विसरलो होतो.

सर्व्हिससाठी बदलत असाल तर मात्र नीट चौकशी करा. नाशकात शोरूम असणं वेगळं, नाशकात सर्व्हिस असणं वेगळं आणि नाशकात बॅटरी उघडणारा, हाय व्होल्टेजचं ट्रेनिंग घेतलेला माणूस असणं अजून वेगळं. सेल्सवाल्याला विचारू नका, तो हो म्हणणार. थेट वर्कशॉपच्या मॅनेजरला विचारा की बॅटरीतून एरर आला तर गाडी इथेच उघडणार की मुंबई-पुण्याला पाठवणार, पाठवणार असाल तर फ्लॅटबेडचा, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणाऱ्या ट्रकचा, खर्च कोणाचा, आणि तोपर्यंत मला दुसरी गाडी मिळणार का. ईव्ही चाकं जमिनीवर ठेवून ओढून न्यायची नसते, मोटर चाकांबरोबर फिरते आणि नुकसान होतं, त्यामुळे फ्लॅटबेडच लागतो, साधी टो व्हॅन चालत नाही. घोटीच्या पुढे रात्री अकराला फ्लॅटबेड किती वेळात येईल हेही विचारून ठेवा, उत्तर देताना समोरच्याचा चेहरा बघा.

घरचं चार्जिंग: बुकिंगच्या आधी, नंतर नाही

चांगली बातमी अशी की भारतात सध्या विकल्या जाणाऱ्या सगळ्या लक्झरी ईव्हींना घरच्या साध्या (एसी) चार्जिंगसाठी टाइप टू आणि फास्ट चार्जिंगसाठी सीसीएस टू हेच सॉकेट येतं, टेस्लासुद्धा इथे सीसीएस टूवरच आहे. म्हणजे भिंतीवरचा जुना चार्जरचा बॉक्स नव्या ब्रँडला चालतो. अडचण दोन ठिकाणी येते. काही कंपन्यांचे बॉक्स त्यांच्याच ॲपच्या अकाउंटला किंवा टेकवायच्या आरएफआयडी कार्डाला बांधलेले असतात, जुनी गाडी अकाउंटवरून काढली की बॉक्स पण गप्प बसू शकतो, त्यामुळे आधी बॉक्स "प्लग लावला की चार्ज" मोडवर टाकून घ्या. दुसरं म्हणजे वेग. बॉक्स ७.४ किलोवॅटचा सिंगल फेज असेल तर गाडी ११ किंवा २२ घेणारी असली तरी मिळणार ७.४ च. आणि उलटंही, बॉक्स २२ चा बसवला आणि गाडीतला चार्जर ११ चा असला तर ११ च्या वर जाणार नाही.

हिशोब सोपा आहे. ७७ युनिटची (युनिट म्हणजे किलोवॅट-तास) बॅटरी २० वरून ८० टक्क्यांवर न्यायला ४६ युनिट लागतात, थोडी घट धरून ७.४ वर साधारण सात तास, ११ वर साडेचार-पाच तास. म्हणजे रात्रीत आरामात होतं. तेच मर्सिडीजच्या ईक्यूएस सारखी १०७.८ युनिटची बॅटरी घेतलीत तर त्याच २० ते ८० ला जवळपास ६५ युनिट, ७.४ वर साडेनऊ-दहा तास. रात्री बाराला मुंबईहून आलात आणि सकाळी सहाला परत निघायचं असेल तर जमणार नाही. १५ अँपिअरच्या साध्या प्लगवर या आकाराच्या गाड्या चार्ज करायचा विचार सोडूनच द्या, एवढ्या मोठ्या बॅटरीला अख्खी रात्र नि वर अर्धा दिवस जातो.

बंगल्यात राहत असाल तर महावितरणकडून तीन फेज आणि लोड वाढवून घ्या, आणि शक्य असेल तर ईव्हीचं वेगळं मीटर. घरच्याच मीटरवर गाडी लावली की महिन्याचा आकडा ५०० युनिटच्या वरच्या स्लॅबमध्ये जातो आणि तिथला दर सगळ्यात महाग असतो, ईव्हीची दराची कॅटेगरी वेगळी आहे. अर्ज, इन्स्पेक्शन, मीटर यात आठवडे जातात म्हणून म्हणतोय की बुकिंगच्या आधी करा. फ्लॅटमध्ये असाल तर सोसायटीची लेखी परवानगी, आणि केबल मीटर रूमपासून तुमच्या पार्किंगपर्यंत कुठून जाणार याचा नकाशा, नाहीतर सेक्रेटरी काका प्रत्येक मीटिंगला नवीन शंका काढतात.

आणि अर्थिंग. ब्रँडनुसार गाडीचा स्वभाव वेगळा असतो, एक गाडी कच्च्या अर्थिंगवर मुकाट चार्ज होते, दुसरी त्याच सॉकेटला लाल दिवा दाखवून बसते. माझं नेमकं हेच झालं. जुनी तीन वर्षं चार्ज होत होती त्याच बॉक्सवर नवीन गाडी पहिल्याच रात्री नाही म्हणाली. चार्जर बदला, गाडीत फॉल्ट आहे, असं सगळं बोलून झाल्यावर इलेक्ट्रिशियनने न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजलं तर ते बरंच जास्त. उन्हाळा, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत. नवीन अर्थिंग पिट केला, लगेच हिरवा दिवा.

टेस्ट ड्राइव्ह तुमच्या रस्त्यावर, त्यांच्या नाही

शोरूमवाले कॉलेज रोड, गंगापूर रोडला एक चक्कर मारून आणतात. एवढ्यात सीट मऊ आहे एवढंच कळतं. त्यापेक्षा एक-दोन तासांची ड्राइव्ह मागा, मोठ्या गाडीच्या गिऱ्हाइकाला बहुतेक देतात.

पहिलं काम, तुमच्या गल्लीतला सगळ्यात वाईट स्पीडब्रेकर. चार माणसं बसवून. ईव्हीची बॅटरी पोटाखाली असते आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, लांब, त्यामुळे पोट घासलं तर घासतं ते सगळ्यात महाग भागाला. २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात कुठला रस्ता कधी उकरलेला असेल सांगता येत नाही, त्यामुळे एअर सस्पेन्शनने गाडी उचलता येते का आणि उचललेली किती वेगापर्यंत तशी राहते हे विचारा. बेसमेंटच्या रॅम्पवरून पण उतरवून बघा, लाजू नका.

दुसरं, घाट. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, मुंबई समुद्राला लागून. अडीच टनांची गाडी एवढी वर चढवायला नुसत्या चढाचेच ४ युनिट जातात, भौतिकशास्त्र आहे, ब्रँड कुठलाही असो. त्यामुळे मुंबईला जाताना आणि येताना आकडा वेगळा येणारच, जाताना बघून "वा काय रेंज आहे" असं म्हणून बुकिंग करू नका. फरक कळतो तो कसाऱ्याच्या उतारावर, रीजनमध्ये, म्हणजे पाय उचलल्यावर मोटरच गाडी रोखते आणि वीज परत बॅटरीत भरते त्यात. बीएमडब्ल्यूत बी मोड टाकला की पाय उचलल्यावर गाडी घट्ट थांबत येते, मर्सिडीजमध्ये स्टेअरिंगमागच्या पॅडलने कमी-जास्त करायचं आणि एक ऑटो मोड असतो जो पुढच्या गाडीवर लक्ष ठेवून स्वतः ठरवतो, ऑडी ई-ट्रॉनमध्ये पण पॅडल, व्होल्वोत वन पेडल ड्राइव्ह सेटिंगमध्ये जाऊन चालू-बंद करायचं. वाचून कळत नाही, पायाला कळतं. बायकोला मागच्या सीटवर बसवा, उतारावर तिला मळमळलं तर तुमचा पाय त्या गाडीला अजून बसलेला नाही.

तिसरं, १२०. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून आपण नाशिककर मुंबईच्या बाजूला तिकडूनच जायला लागलोय. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ९० वरून १२० ला गेलात की तो पावणेदोन पटीच्या वर जातो. शहरात १७-१८ युनिटमध्ये १०० किलोमीटर काढणारी गाडी तिथे कितीला जाते ते बघा. माझी जुनी २२ च्या आसपास असायची आणि १२० धरले की २६, २७.

म्हणूनच ब्रोशरवरचा आकडा दोन ब्रँडमध्ये तुलना करायलासुद्धा सरळ घेऊ नका. ईक्यूएस ५८० ला ८५७ किलोमीटर लिहिलेत, बीएमडब्ल्यूच्या आयएक्स वन लाँग व्हीलबेसला ६६.४ युनिटवर ५३१. हे भारतीय टेस्टचे आकडे, शांत वेगाचे. त्यापेक्षा बॅटरीतले युनिट भागिले तुमच्या ड्राइव्हमध्ये पडलेले युनिट, गुणिले शंभर, आणि त्यातले वरचे वीस-खालचे दहा टक्के सोडून द्या. ६६ ला २० ने भागलं तर ३३०, त्यातले सत्तर टक्के म्हणजे २३० च्या आसपास. नाशिक-पुणे २१० किलोमीटर आहे. एवढं गणित कागदावर मांडलं की सेल्सवाल्याचा आवाज जरा खाली येतो.

फास्ट चार्जिंगचंही तसंच. किया ईव्ही सिक्स, ह्युंदाई आयोनिक फाइव्ह, पोर्शे टायकान या ८०० व्होल्टच्या गाड्या, मोठ्या चार्जरवर अठरा-वीस मिनिटांत दहा ते ऐंशी टक्के भरतात असं सांगतात, ते खरंय. पण हायवेवर तुमच्या समोर असतो तो बहुतेक वेळा ६० किलोवॅटचा, कधी ३० चा. ६० वर ७७ युनिटची गाडी दहा ते ऐंशी टक्के भरायला ५४ युनिट म्हणजे तासभर, मग ती ८०० व्होल्ट असो की ४००. ८०० चे पैसे द्यायचे असतील तर तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर तेवढा दमदार चार्जर आहे का ते आधी बघून या.

जुनी गाडी विकणं, इथे खरा घाम निघतो

लक्झरी ईव्हीची किंमत पडते, आणि जोरात पडते, मनाची तयारी ठेवा. भाव ठरतो बॅटरीच्या तब्येतीवर आणि वॉरंटीवर. बहुतेक ब्रँडची बॅटरी वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते, ईक्यूएसला १० वर्षं आणि अडीच लाख. वॉरंटी नव्या मालकाला चालू राहते का, हे लेखी घ्या. आणि अधिकृत वर्कशॉपमधून बॅटरी हेल्थचा रिपोर्ट काढून घ्या, छापील, तारखेसकट. माझ्याकडे रिपोर्ट नव्हता तेव्हा एका डीलरने "बॅटरीचं सांगता येत नाही साहेब" म्हणत चार लाख खाली मागितले होते, रिपोर्ट आल्यावर त्यालाच दुसरं कारण शोधावं लागलं.

भाव तीन ठिकाणी घ्या. नवीन ब्रँडचं एक्स्चेंज, जुन्या ब्रँडचाच सेकंडहँड विभाग आणि एक मुंबईचा मोठा डीलर. नवीन ब्रँडवाले एक्स्चेंज बोनस फुगवून सांगतात आणि नव्या गाडीच्या डिस्काउंटमधून कापतात, त्यामुळे दोन्ही आकडे वेगवेगळे मागा, "एक्स्चेंज न देता गाडी कितीला" हे आधी विचारा. जुनी गाडी घेताना बायबॅकची, म्हणजे ठरलेल्या भावाला परत घेण्याची, हमी घेतली असेल तर तो कागद शोधा, त्यात किलोमीटरची अट असते आणि मुदत संपायच्या आधी कळवावं लागतं.

आता कागद. कर्ज असेल तर आधी फोरक्लोजर, म्हणजे मुदतीआधी कर्ज फेडून टाकणं, मग बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायच्या फॉर्म ३५ वर सही. एनओसीला मुदत असते, ती संपली की परत बँकेच्या चकरा. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. आणि डीलरला देत असाल तर हे लक्षात ठेवा, २०२३ पासून अधिकृत डीलरला गाडी दिल्याचं फॉर्म २९सी ने पोर्टलवर नोंदवता येतं, मग गाडी विकली जाईपर्यंत जबाबदारी त्याची. हे न करता नुसती किल्ली आणि सह्या केलेले कोरे फॉर्म देऊन टाकले तर चलन तुमच्या नावाने येत राहतं, आणि अपघात झाला तर पोलीस पहिले तुमच्या दारात. पेठ रोडच्या आरटीओत अशी माणसं कधीही भेटतील, गाडी विकून वर्ष झालं तरी हातात चलन घेऊन उभी.

कॅश घेऊ नका. दोन लाख किंवा जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे, समोरचा कितीही ओळखीचा असला तरी बँकेतूनच.

गाडी कंपनीच्या नावावर असेल, अंबड-सातपूरचे निम्मे लोक तसेच घेतात, तर विकायच्या आधी सीएला फोन करा. ईव्हीवर इन्कम टॅक्समध्ये ४० टक्के घसारा मिळतो, त्यामुळे पुस्तकातली किंमत झपाट्याने खाली आलेली असते आणि विक्रीची किंमत त्याच्या वर गेली तर त्या फरकावर १८ टक्के जीएसटी लागतो. तोटा असेल तर नाही. नवीन घेताना दहा लाखांच्या वर १ टक्का टीसीएस (विकणाऱ्याने आगाऊ घेतलेला इन्कम टॅक्स) कापतात, सत्तर लाखांवर सत्तर हजार, तो रिटर्नमध्ये मिळतो पण आजच्या आज भरायचा असतो, तेवढी तरतूद ठेवा.

ॲप, प्रोफाइल, किल्ल्या

हे मी विसरलो होतो, तुम्ही विसरू नका. गाडी द्यायच्या आदल्या दिवशी, घाईत नाही, शांतपणे एक तास काढा.

गाडीतले सगळे ड्रायव्हर प्रोफाइल, जोडलेले फोन, नेव्हिगेशनमधलं घर, ऑफिस, मुलांची शाळा, सगळं काढा. मग फॅक्टरी रीसेट. डॅशकॅमचं कार्ड काढून घ्या. फोनवर डिजिटल किल्ली असेल आणि बायको, भाऊ, ड्रायव्हर यांना दिली असेल तर ती आधी रद्द करा, कारण गाडी रीसेट झाली तरी एखाद्याच्या फोनमध्ये राहिलेली असू शकते. शेवटी ॲपच्या अकाउंटमधून गाडी काढा, त्याचा स्क्रीनशॉट. टेस्लासारख्या ब्रँडमध्ये मालकी ॲपमधूनच पुढच्याला देता येते. दोन्ही किल्ल्या, कार्डाची किल्ली, चार्जिंगची पोर्टेबल केबल, पंक्चर किट, यादी करून सहीने द्या, केबलवरून नंतर फार भांडणं होतात.

माझ्या संगमनेरच्या त्या गृहस्थाला मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, "तरीच म्हटलं माझ्या ॲपमध्ये गाडी येत का नाही". तो बिचारा तीन आठवडे शोरूमला फोन करत होता.

चार्जिंग कंपन्यांच्या ॲपमध्येही गाडी बदला, टाटा पॉवर, स्टॅटिक, चार्जझोन, जिओ-बीपी, जे काय वापरत असाल त्यात. वॉलेटमधले पैसे तुमचेच राहतात, पण काही ठिकाणी गाडी ओळखून चार्जिंग आपोआप सुरू व्हायची सोय असते, तिथे जुनी गाडी राहिली तर पुढचा माणूस भरेल आणि पैसे तुमचे कापतील.

इन्शुरन्स आणि फास्टॅग

नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, गाडीचा नसतो, मालकाचा असतो. ५० टक्क्यांपर्यंत साठलेला असेल तर लक्झरी गाडीवर ही रक्कम लाखाच्या घरात जाऊ शकते. विकल्यावर विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या, तीन वर्षं चालतं, नवीन गाडीला लावा. शोरूममधलाच विमा घेतलात तरी हे पत्र त्यांना घ्यावंच लागतं, ते स्वतःहून मागणार नाहीत. पॉलिसीत झिरो डेप (घसारा न कापता भरपाई), इनव्हॉइस कव्हर (गाडी पूर्ण गेली तर बिलाची रक्कम) आणि बॅटरीत पाणी जाण्याचं कव्हर बघा, गोदाकाठचा पूर आणि इगतपुरीचा पाऊस आपल्याला नवा नाही.

जुना फास्टॅग बंद करा, काढून नव्या गाडीला चिकटवू नका. नव्या गाडीबरोबर येणारा टॅग चेसिस नंबरवर असतो, पर्मनंट नंबर आला की लगेच अपडेट करा. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात समृद्धी, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे, पण सिस्टीमला गाडी ईव्ही म्हणून दिसली तरच ना.

डिलिव्हरीच्या दिवशी

हार, पेढे, नारळ नंतर. आधी गाडी त्यांच्याच आवारात एकदा एसीवर आणि एकदा फास्ट चार्जरवर लावून दाखवायला सांगा, दहा-दहा मिनिटं. टायरवरचा चार आकडी कोड बघा, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. बनवल्याचा महिना कागदावर बघा, यार्डात बरेच महिने उभ्या असलेल्या ईव्हीची १२ व्होल्टची छोटी बॅटरी मरतुकडी झालेली असते आणि ती गेली की मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असूनही दार उघडत नाही. स्टेपनी नसेल, बहुतेक नसतेच, तर त्या साइजचा टायर नाशकात मिळतो का हे टायरवाल्याला आजच विचारा. २१ इंचाचा एक टायर मुंबईहून यायला मला पाच दिवस लागले होते.

पहिले पंधरा दिवस

नेहमीचं चार्जिंग ८० टक्क्यांवर लॉक करा, लांब जायचं असेल तेव्हाच शंभर. एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) बॅटरी असेल, उदाहरणार्थ बीवायडीची ब्लेड, तर कंपनी अधूनमधून शंभर करायला सांगते, म्हणून जुन्या गाडीची सवय डोळे झाकून पुढे नेऊ नका, मॅन्युअल बघा. थंडीत निफाडकडे पहाटे निघालात की रेंज खाली दिसेल, घाबरू नका, प्लग लावलेला असतानाच गाडी गरम करून निघा.

घरात गाडी अजून कोण चालवतं, त्यांना स्वतंत्र प्रोफाइल आणि स्वतंत्र अर्धा तास द्या. आमचे ड्रायव्हर दादा जुन्या गाडीत गिअर खालच्या दांड्याने टाकायचे, नवीन गाडीत तो स्टेअरिंगच्या उजव्या काडीवर आहे. पहिले आठ दिवस ते वायपर समजून ती काडी खाली ढकलायचे आणि सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये. शेवटी त्यांनी स्वतःच काडीवर बँडेडची पट्टी चिकटवली, मी म्हटलं काढा हो ती, एवढ्या महाग गाडीत कसं दिसतंय, तर म्हणाले, "राहू द्या साहेब, दिवाळीपर्यंत".